फुलोऱ्यावर येणारे उशिराचे दहिवर : धोका कसा ओळखावा आणि फळझाडे कशी वाचवावीत

भर हिवाळ्यात उणे २० अंश सेल्सिअसची थंडी निमूटपणे सोसणारे सफरचंदाचे झाड वसंतात पूर्ण फुलल्यावर मात्र उणे ३ अंशांच्या एका रात्रीत त्या वर्षाचे बरेचसे पीक गमावू शकते. झाड तेच असते, बदललेली असते ती कळीची अवस्था. सुप्तावस्था पुरी होण्यासाठी समशीतोष्ण फळझाडांना ठरावीक तासांचा गारवा लागतो आणि तो एकदा मिळाला की पुढची वाढ जवळजवळ केवळ उबेच्या हिशेबाने चालते. मग हिवाळा सरता सरता आठवडाभर उन्हाळ्यासारखे दिवस आले की कळ्या फुगतात, उमलू लागतात आणि थंडीला तोंड देण्याची त्यांची क्षमता त्याच वेगाने ओसरते. थंडी परतणार आहे की नाही, हे झाडाला कळण्याचा काही मार्ग नसतो.

२०१२ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात नेमके हेच घडले. मार्च महिना विक्रमी उष्ण गेला, फळझाडे कित्येक आठवडे आधी फुलली आणि एप्रिलमध्ये एकामागून एक आलेल्या गोठवणाऱ्या रात्रींनी राज्याचे सफरचंदाचे उत्पादन नेहमीच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आणले. एप्रिलमध्ये दहिवर, म्हणजे दव गोठवणारी थंडी, पडणे तिथे नवे नव्हते. नवी होती ती मार्चमधली ऊब. २०२१च्या एप्रिलमध्ये फ्रान्समध्येही मार्चअखेरच्या असाधारण उबेनंतर थंडीची लाट आली आणि द्राक्षवेलींबरोबर जर्दाळू, चेरी यांसारख्या फळझाडांचे मोठे नुकसान झाले.

पुढे दिलेला सगळा क्रम एका गोष्टीवर उभा आहे. हवामान अंदाजातला आकडा आणि तुमच्या बागेतल्या फुलाचे प्रत्यक्ष तापमान हे दोन वेगळे आकडे असतात आणि बचावाचा प्रत्येक उपाय दुसऱ्या आकड्यावर काम करतो. तो आकडा ज्याला ठाऊक नाही, तो एक तर विनाकारण रात्री जागवतो किंवा नेमक्या रात्री झोपून राहतो.

पहिली पायरी : कळीची अवस्था नोंदवा

कळ्या फुगू लागल्यापासून फळ सुपारीएवढे होईपर्यंत दर दोन-तीन दिवसांनी बागेत फिरून कळ्यांची अवस्था लिहून ठेवावी. एकाच झाडावर वरच्या आणि खालच्या फांद्यांत, उन्हाच्या आणि सावलीच्या बाजूंत चार-पाच दिवसांचा फरक सहज पडतो. म्हणून बागेतील सर्वांत पुढे गेलेल्या कळ्या कोणत्या आणि बहुसंख्य कळ्या कोणत्या, अशा दोन्ही नोंदी हव्यात.

अवस्था महत्त्वाची का, हे सफरचंदाच्या आकड्यांवरून स्पष्ट होते. कळीचे टोक नुकतेच रुपेरी दिसू लागले असताना अर्धा तास उणे ९.४ अंश तापमान राहिले, तर साधारण दहा टक्के कळ्या मरतात. हिरवी टोके बाहेर आल्यावर तेवढेच नुकसान उणे ७.८ अंशांना होते, कळ्यांचा घट्ट गुच्छ दिसू लागला की उणे २.८ अंशांना आणि गुलाबी अवस्थेपासून पुढे, फूल पूर्ण उमलून पाकळ्या गळेपर्यंत, उणे २.२ अंशांना. नव्वद टक्के नुकसानीचे तापमान फुलोऱ्यात उणे ३.९ अंश आहे. म्हणजे दहा टक्के आणि नव्वद टक्के यांच्यामध्ये केवळ पावणेदोन अंशांचे अंतर उरते आणि बचावाच्या उपायांतून जे एक-दोन अंश मिळतात, त्यांची किंमत याच अंतरामुळे एवढी मोठी आहे.

पीच, जर्दाळू, बदाम ही झाडे लवकर फुलतात, म्हणून त्यांच्यावर संकट अधिक वेळा येते. मात्र उमललेल्या पीचचे दहा टक्के नुकसानीचे तापमान उणे २.८ अंशांच्या आसपास असल्याने ते फूल सफरचंदाच्या फुलापेक्षा किंचित काटक आहे. नासपती आणि चेरी पूर्ण फुलोऱ्यात सफरचंदासारख्याच, म्हणजे उणे २.२ अंशांपासून धोक्यात येतात. फळ धरल्यानंतर धोका संपला असे समजू नये, कारण नुकतेच धरलेले कोवळे फळही फुलाइतकेच नाजूक असते.

हे आकडे रेषेसारखे काटेकोर मानू नयेत. आधीचे काही दिवस थंड गेले असतील तर कळ्या थोड्या अधिक कणखर असतात. उबदार आठवड्यानंतर लगेच थंडी आली तर त्याच अवस्थेतल्या कळ्या लवकर दगावतात. अशा वेळी हिशेबात अर्धा-एक अंश सुरक्षेसाठी राखून ठेवावा.

दुसरी पायरी : येणारी रात्र कोणत्या जातीची आहे ते ओळखा

गोठवणाऱ्या रात्री दोन प्रकारच्या असतात आणि त्यांची गल्लत झाली की सारा खर्च वाया जातो.

पहिल्या प्रकारात आकाश निरभ्र असते, वारा पडलेला असतो आणि हवा कोरडी असते. जमीन आणि झाडे दिवसभर साठवलेली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडत राहतात, त्यांच्या लगतची हवा थंड होते आणि थंड हवा जड असल्यामुळे तळाशी साचते. त्यामुळे जमिनीपासून दहा-पंधरा मीटर उंचीवरची हवा खालच्या हवेपेक्षा काही अंशांनी उबदार राहते. भूगोलाच्या पुस्तकांत यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. ही रात्र त्रासदायक असली तरी हाताळण्याजोगी असते, कारण ऊब फार दूर गेलेली नसते. ती डोक्यावरच अडकून असते.

दुसऱ्या प्रकारात दुरून आलेला थंड वारा सगळ्या परिसरावर पसरतो. वर-खाली सगळीकडे हवा सारखीच थंड असते, वारा चालू असतो आणि कधी ढगही असतात. इथे हवा ढवळणारे पंखे निरुपयोगी ठरतात, शेगड्यांची ऊब वाहून जाते आणि झाडावर पाणी फवारणे तर उलटे नुकसान करू शकते. अशा रात्री लहान झाडांवर भक्कम आच्छादन घालणे एवढेच हाती उरते. मोठ्या बागेत पुष्कळदा काहीही न करणे हाच शहाणपणाचा निर्णय असतो, आणि तो घ्यायला धैर्य लागते.

सायंकाळी तीन गोष्टी पाहाव्यात: आकाश, वारा आणि दवबिंदू तापमान. ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते, ते दवबिंदू तापमान. तापमान घसरत दवबिंदूपर्यंत आले की बाष्प द्रवरूप होताना किंवा गोठताना उष्णता बाहेर टाकते आणि घसरण मंदावते. दवबिंदू शून्याच्या आसपास असेल तर रात्र साधारणपणे सावरून घेते. दवबिंदू उणे सात-आठ असेल, तर हवा इतकी कोरडी असते की तापमान मधे न अडखळता खाली जाते. पांढरे दहिवर कुठेही दिसत नाही आणि तरीही सकाळी फुलांचा मध्यभाग काळा पडलेला सापडतो. पांढरा थर दिसला नाही म्हणून बाग वाचली, असे समजणारे इथेच फसतात.

तिसरी पायरी : स्वतःचे तापमापक लावा

अंदाजातले तापमान ज्या केंद्राचे असते, तिथे ते जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर, झडपांच्या पेटीत मोजलेले असते. तुमची बाग त्या केंद्रापेक्षा खोलगट जागी असेल, तर शांत रात्री तिथे तीन ते पाच अंशांनी अधिक थंडी असू शकते. शिवाय उघड्या आकाशाखालचे फूल स्वतः उष्णता गमावत असल्याने भोवतालच्या हवेपेक्षा एखादा अंश अधिक गार होते.

म्हणून बागेत किमान दोन तापमापक हवेत: एक सर्वांत खोलगट जागी आणि दुसरा बागेचे सर्वसाधारण प्रतिनिधित्व करील अशा ठिकाणी, दोन्ही फुलांच्या उंचीवर. त्यांच्यावर छोटे छप्पर असावे, म्हणजे ते आकाशाकडे थेट उष्णता सोडणार नाहीत आणि वाचन हवेचे मिळेल. वसंतापूर्वी प्रत्येक तापमापक तपासून घ्यावा. कुटलेला बर्फ आणि थोडे पाणी भांड्यात एकत्र करून सतत ढवळावे आणि तापमापकाचे टोक त्यात काही मिनिटे धरावे. वाचन शून्य यायला हवे. ते अर्धा अंश वर-खाली येत असेल तर तेवढी दुरुस्ती तापमापकावरच चिठ्ठी लावून लिहून ठेवावी. ठरवलेल्या तापमानाला गजर देणारी साधने आता सहज मिळतात. त्यांचा गजर धोक्याच्या तापमानावर न लावता त्याच्या दोन-तीन अंश वर लावावा, आणि झाडांवर पाणी फवारायचे असेल तर पंप सुरू करण्याच्या तापमानाच्याही वर (ते पुढे दिले आहे), कारण अंथरुणातून उठून पंप सुरू होईपर्यंत वेळ जातोच.

ओल्या फुग्याच्या तापमापकाची ओळखही करून घ्यावी. साध्या तापमापकाच्या टोकाला ओले सुती कापड गुंडाळून त्यावरून हवा खेळू दिली की बाष्पीभवनामुळे तो कमी तापमान दाखवतो. ओल्या झालेल्या फुलाचे तापमान सुरुवातीला याच आकड्याकडे घसरते. हवेचे तापमान २ अंश आणि आर्द्रता चाळीस टक्के असेल, तर ओल्या फुग्याचे वाचन जवळपास उणे २ येते. पाणी वापरणाऱ्याने हे उदाहरण ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग आहे.

चौथी पायरी : थंडी येण्याआधीच्या दोन दिवसांतली कामे

सर्वांत स्वस्त संरक्षण जमिनीतून मिळते आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. रात्री झाडाला मिळणारी ऊब प्रामुख्याने जमिनीने दिवसभर साठवलेली असते. ओली, घट्ट, उघडी आणि गडद जमीन ती चांगली साठवते आणि सहज परत करते. कोरडी, भुसभुशीत किंवा गवताने झाकलेली जमीन तसे करत नाही. त्यामुळे थंडीच्या एक-दोन दिवस आधी वरचा सुमारे ३० सेंटिमीटरचा थर ओला होईल इतके पाणी द्यावे. दिवस-रात्रीच्या तापमानाचा चढउतार साधारण तेवढ्याच खोलीपर्यंत पोचतो, त्यामुळे त्याहून खोल भिजवण्याने काही साधत नाही. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे ओल्या जमिनीला दिवसभराचे ऊन मिळेल.

झाडांखालचे गवत अगदी आखूड कापावे आणि कापलेले गवत तिथेच पसरून ठेवू नये. पालापाचोळ्याचे आच्छादन असेल तर फुलोऱ्याच्या काळात ते बाजूला सारावे. एरवी हे आच्छादन गुणकारी असले तरी या काळात ते जमिनीची ऊब वर येऊ देत नाही. नांगरणी किंवा कुळवणी या दिवसांत अजिबात करू नये, कारण मोकळ्या मातीतली हवा उष्णतेला अडवते. या सगळ्यातून मिळतो तो साधारण एक अंश, पण वर दिलेले दहा आणि नव्वद टक्क्यांचे अंतर आठवले तर तो एक अंश किरकोळ वाटणार नाही.

थंड हवेला वाट करून देणे हेही याच काळातले काम आहे. थंड हवा पाण्यासारखी उताराने वाहते आणि अडथळा आला की तुंबते. बागेच्या खालच्या टोकाला दाट कुंपण, रचलेली लाकडे किंवा भिंत असेल तर तिथे हवा साचते. कुंपणाचा खालचा भाग विरळ करून किंवा त्यात मोकळी जागा ठेवून ती पुढे जाऊ द्यावी. याउलट बागेच्या वरच्या बाजूला दाट झाडोरा असेल तर तो वरून येणारी थंड हवा वळवतो, म्हणून तो राखावा.

लहान झाडे : आच्छादन नीट घाला

दोन-चार झाडे असणाऱ्याला आच्छादन हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. न विणलेले पांढरे दहिवर-रोधक कापड उत्तम. पातळ कापडाने एक-दोन अंशांचे आणि जाड कापडाने तीन-चार अंशांपर्यंतचे संरक्षण मिळते. ते नसेल तर जुन्या चादरी, गोधड्या, गोणपाटही चालतात. प्लास्टिक मात्र फुलांना टेकता कामा नये, कारण जिथे ते टेकते तिथली फुले गोठतात. प्लास्टिकच वापरायचे असेल तर काठ्यांचा सांगाडा उभारून त्यावर टाकावे.

बहुतेकांची चूक आच्छादनाच्या खालच्या टोकाशी होते. कापड झाडाच्या शेंड्यावर टाकून खोडाशी गुंडाळून बांधले की जमिनीची ऊब आत येण्याचा मार्गच बंद होतो. कापड सगळीकडून जमिनीपर्यंत उतरले पाहिजे आणि कडांवर दगड किंवा माती टाकून ते दाबले पाहिजे. ते सूर्यास्ताच्या सुमारास, जमीन अजून उबदार असताना घालावे. मध्यरात्री घातलेल्या आच्छादनाखाली कोंडायला फारशी ऊब उरलेली नसते. सकाळी तापमान शून्याच्या वर गेले की ते काढावे, नाही तर मधमाश्या फुलांपर्यंत पोचणार नाहीत आणि वाचलेल्या फुलांचेही फळ होणार नाही.

आच्छादनाखाली जुन्या पद्धतीचे तारेचे विजेचे दिवे लावले तर आणखी एखादा अंश मिळतो. एलईडी दिव्यांतून अशी ऊब मिळत नाही. तारा, जोडण्या आणि पाणी यांचा संबंध येणार नाही आणि दिवा कापडाला टेकणार नाही, याची काळजी घ्यावी. कुंड्यांतली झाडे सरळ आत घ्यावीत. भिंतीला धरून वाढवलेल्या पीच किंवा जर्दाळूच्या झाडांवर फुलोऱ्यापुरते पुढे आलेले छोटे छप्पर आणि त्याला सरकता पडदा बसवला, तर दर रात्रीची धावपळ वाचते.

मोठी बाग : पाणी फवारून संरक्षण

झाडांवर तुषार सिंचनाने पाणी फवारून फुले बर्फात गुंडाळणे हा उपाय ऐकायला विपरीत वाटतो. त्यामागचे कारण असे की एक किलो पाणी गोठताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर टाकते. जोपर्यंत बर्फाच्या थरावर सतत नवे पाणी पडून गोठत राहते, तोपर्यंत आतल्या फुलाचे तापमान शून्याच्या जवळ, म्हणजे धोक्याच्या वर राहते. फुलाला वाचवते ते गोठण्याचे चालू असणे. बर्फाचा थर स्वतः काही पांघरुणाचे काम करत नाही. पाणी थांबले की तोच थर फुलाला भोवतालच्या थंड हवेइतके गार करतो.

याची दुसरी बाजू बाष्पीभवनाची आहे. एक किलो पाण्याचे बाष्प होताना सुमारे अडीच हजार किलोज्यूल उष्णता शोषली जाते, म्हणजे गोठण्यातून मिळणाऱ्या उष्णतेच्या साधारण साडेसात पट. पडलेल्या पाण्यातला थोडासा भाग जरी वाऱ्याने किंवा कोरड्या हवेने उडून गेला तरी मिळालेली ऊब संपते आणि झाड न भिजवलेल्या झाडापेक्षाही थंड होते. म्हणूनच वाऱ्याच्या रात्री हा उपाय करू नये आणि म्हणूनच सुरुवात व शेवट या दोन्ही वेळा ओल्या फुग्याच्या वाचनावरून ठरवाव्यात.

सुरुवात करताना ओल्या फुग्याचे वाचन धोक्याच्या तापमानाच्या वर असले पाहिजे. फुले उमललेली असतील तर ते शून्याच्या खाली जाण्यापूर्वीच पाणी सुरू करणे उत्तम. कोरड्या रात्री याचा अर्थ असा की साधा तापमापक ३ किंवा ४ अंश दाखवत असतानाच पंप चालू करावा लागतो. वर दिलेल्या उदाहरणात हवेचे तापमान २ अंशांपर्यंत येण्याची वाट पाहिली असती, तर पहिल्या काही मिनिटांतच फुले उणे २च्या दिशेने गेली असती.

पाण्याचे प्रमाण किती थंडी सोसायची आहे त्यावर ठरते. शांत हवेत उणे २ अंशांच्या आसपास ताशी अडीच ते तीन मिलिमीटर पुरते. उणे ५च्या आसपास ताशी पाच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक लागते. प्रत्येक फूल मिनिटातून किमान एकदा भिजेल इतक्या वेगाने तुषार फिरले पाहिजेत. हेक्टरी एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर. ताशी तीन मिलिमीटरने आठ तास चालवायचे तर एका रात्रीत हेक्टरी दोन लाख चाळीस हजार लिटर पाणी हवे, आणि थंडीच्या लाटा अनेकदा सलग दोन-तीन रात्री टिकतात. विहीर किंवा तळे एवढे देणार आहे का, जमीन एवढे पाणी मुरवेल का आणि फांद्या बर्फाचे ओझे पेलतील का, या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी नसतील तर हा उपाय सुरूच करू नये. अर्ध्या रात्री पाणी संपणे हे मुळीच पाणी न वापरण्यापेक्षा वाईट.

चालू असताना बर्फाकडे पाहत राहावे. बर्फ काचेसारखा स्वच्छ असेल आणि त्याच्या टोकांवरून पाणी ठिबकत असेल, तर प्रमाण योग्य आहे. तो दुधासारखा पांढरट, अपारदर्शक दिसू लागला तर पाणी कमी पडत आहे. सूर्योदयानंतर लगेच पंप बंद करण्याचा मोह टाळावा. ओल्या फुग्याचे वाचन शून्याच्या वर गेले आणि बर्फ सुटून त्याखालून पाणी वाहू लागले की मगच थांबावे. सगळा बर्फ गळून पडेपर्यंत थांबण्याची गरज नाही.

एवढे पाणी नसणाऱ्यांनी झाडांखाली, जमिनीलगत फवारणाऱ्या तुषारांचा विचार करावा. त्यातून संरक्षण कमी मिळते, पण फुले भिजत नाहीत, फांद्या मोडत नाहीत आणि पंप मधेच बंद पडला तरी अनर्थ होत नाही.

हवा हलवणे आणि शेगड्या

दहा-अकरा मीटर उंचीच्या मनोऱ्यावरचे मोठे पंखे वरची उबदार हवा खाली आणून खालच्या थंड हवेत मिसळतात. एक पंखा साधारण चार ते पाच हेक्टरांना पुरतो. मिळणारा फायदा वरच्या आणि खालच्या हवेतील फरकाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत असतो. फरक चार अंशांचा असेल तर दीड-दोन अंश, आणि फरकच नसेल तर शून्य. त्यामुळे पंखा विकत घेण्यापूर्वी एखाद्या उंच काठीवर तापमापक बांधून आपल्या बागेत असा फरक खरोखर पडतो का, हे एक पूर्ण हंगाम मोजावे. विक्रेत्याने दाखवलेल्या आकड्यांपेक्षा ही काठी अधिक विश्वासार्ह आहे.

शेगड्यांचा नियम एका ओळीत सांगता येतो: पुष्कळ आणि लहान. हेक्टरी शंभरच्या आसपास लहान शेगड्या बागभर विखरून, कडेला थोड्या दाट ठेवल्या तर त्यांची ऊब झाडांच्या उंचीवर पसरते. एक मोठा जाळ मात्र गरम हवेचा झोत सरळ वर नेतो आणि कडेची थंड हवा आत ओढून घेतो.

धुराविषयीची समजूत मात्र मोडायला हवी, कारण ती फार जुनी आणि फार चिवट आहे. ओला पालापाचोळा जाळून धूर केल्याने झाडे वाचत नाहीत. धुराचे कण इतके सूक्ष्म असतात की जमिनीतून निघणारे लांब तरंगलांबीचे अवरक्त किरण त्यांच्यातून जवळजवळ विनाअडथळा निघून जातात. धुके ऊब अडवते, ते त्याचे थेंब पुष्कळ मोठे असतात म्हणून. धुराने फक्त एवढेच होते की सकाळचे ऊन उशिरा पोचते, आणि परिसरातल्या लोकांना त्रास होतो तो वेगळाच. कळ्यांवर फवारून गोठणे टाळण्याचा दावा करणाऱ्या द्रावणांवरही बागेची भिस्त ठेवू नये. पाणी, पंखा किंवा आच्छादन यांची जागा ती घेऊ शकत नाहीत.

रात्रीचा क्रम

सूर्यास्ताला आकाश, वारा, दवबिंदू आणि तापमान लिहावे आणि त्यावरून रात्रीचा प्रकार ठरवावा. आच्छादन घालायचे असेल तर ते तेव्हाच घालावे. पंप, इंधन, पर्यायी वीज आणि विजेऱ्या यांची तपासणी उजेडात करावी. रात्री दहापासून दर तासाला आणि तापमान २ अंशांखाली आल्यावर दर पंधरा मिनिटांनी दोन्ही तापमापक पाहावेत. सर्वांत कमी तापमान बहुधा सूर्योदयाच्या सुमारास किंवा किंचित नंतर येते, त्यामुळे पहाटे चारला सगळे ठीक दिसले म्हणून झोपायला जाऊ नये. मधेच ढग आले किंवा वारा सुटला तर तापमान काही मिनिटांत दोन-तीन अंशांनी वर जाते. ते पुन्हा निवळले तर तितक्याच वेगाने खाली येते. बागेत एकट्याने रात्र काढणे टाळावे. बर्फाळ जमीन, फिरती यंत्रे आणि अपुरी झोप यांचा मेळ धोकादायक असतो.

सकाळ झाल्यावर

नुकसानीचा अंदाज लगेच घेऊ नये. बर्फ वितळल्यावर काही तास जाऊ द्यावेत, शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे. मग वेगवेगळ्या झाडांवरून, वरच्या आणि खालच्या फांद्यांवरून शंभर फुले किंवा कळ्या घ्याव्यात आणि धारदार पात्याने प्रत्येकीचा उभा छेद घ्यावा. मधला स्त्रीकेसर आणि त्याच्या तळाचा बीजांडकोश हिरवट असेल तर फूल जिवंत आहे; तो तपकिरी किंवा काळा असेल तर ते मेलेले आहे. पाकळ्यांवर विसंबू नये, कारण आत काळा पडलेला स्त्रीकेसर असूनही पाकळ्या दोन-तीन दिवस ताज्या दिसतात, आणि उलट कडा करपलेल्या पाकळ्यांच्या आत निरोगी बीजांडकोशही सापडतो.

आलेला आकडा पाहून घाबरण्यापूर्वी झाडाची गरज ध्यानात घ्यावी. भरघोस फुललेल्या सफरचंदाला पूर्ण पिकासाठी शंभरातल्या पाच ते दहा फुलांचे फळ झाले तरी पुरते. एरवी उरलेली फळे आपणच विरळणीत काढतो. त्यामुळे निम्मी फुले मेली तरी पीक सामान्य येऊ शकते. सफरचंदाच्या गुच्छातले मधले फूल सर्वांत आधी उमलते आणि सर्वांत आधी मरते. कडेची फुले उरली असतील तर फळे थोडी लहान आली तरी येतात. चेरीचे गणित निराळे आहे. तिची फळे लहान आणि विरळणी न होणारी असल्याने तिला पुष्कळ अधिक फुले टिकावी लागतात.

वाचलेल्या फुलांचे परागीभवन व्हायला मदत करावी. थंडीनंतरच्या गार दिवसांत मधमाश्या कमी फिरतात, म्हणून मोजकी झाडे असतील तर मऊ कुंचल्याने एका वाणाचे पराग दुसऱ्या वाणाच्या फुलांवर लावावेत. रासायनिक विरळणी त्या वर्षी थांबवावी आणि फळे हरभऱ्यापेक्षा मोठी होऊन कोणती टिकतात हे दिसल्यावर हातानेच विरळणी करावी. त्याच वेळी फळांच्या सालीवर तपकिरी, खरखरीत कडे दिसले तर ते त्या रात्रीचे व्रण असतात; फळांची संख्या पुरेशी असेल तर अशी फळे आधी काढावीत. करपलेल्या कोवळ्या फांद्यांची छाटणी घाईने करू नये. कुठून नवी फूट येते ते पाहून, जिवंत भागापर्यंतच कापावे.

पीक पूर्ण गेले असेल तरी बाग सोडून देऊ नये, कारण पुढच्या वर्षीच्या फुलकळ्या याच उन्हाळ्यात तयार होतात आणि त्यासाठी पाने निरोगी राहायला हवीत. रोग-किडींचे नियंत्रण आणि पाणी चालू ठेवावे, पण नत्रखत कमी करावे. फळांचे ओझे नसलेले झाड नत्र मिळाले की नुसते लांब, लुसलुशीत फुटवे काढते आणि ते पुढच्या हिवाळ्यात नीट पक्व न होता थंडीत सापडतात.

नवी लागवड करताना

ज्या बागेत दर दोन-तीन वर्षांनी ही झुंज द्यावी लागते, तिथे दोष बहुधा जागेचा किंवा वाणाचा असतो. खोलगट तळापेक्षा उताराचा मधला भाग निवडावा. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे उतरणाऱ्या जमिनीवर वसंतातले ऊन कमी पडते, त्यामुळे फुलोरा काही दिवस पुढे जातो. उशिरा फुलणारे वाण निवडावेत आणि जर्दाळू-बदामासारखी उतावीळ झाडे सर्वांत सुरक्षित जागी लावावीत. पीचची छाटणी फुलोऱ्याच्या सुमारास, कळ्यांचे नुकसान स्पष्ट झाल्यावर केली तर दोन फायदे होतात: फुलोरा किंचित लांबतो आणि किती फुले ठेवायची हे ठरवण्याची संधी थंडी संपेपर्यंत हाती राहते.